वेगही हवा आणि ओझेही न्यायचे आहे: एकच सायकल घ्यायची तर कोणती?

भोगावतीकाठ (कोल्हापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. गेली आठ वर्षे मी एकच सायकल वापरत आहे. आता ती बदलण्याची वेळ आली आहे, म्हणून येथील जाणकारांचा सल्ला घ्यावा असे वाटले.

मी राजारामपुरीत राहतो आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरीला आहे. घरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत एका बाजूने साधारण २० किलोमीटर भरतात. आठवड्यातून चार दिवस मी सायकलनेच जातो. सोबत डबा, कपड्यांचा एक जोड आणि पावसाळ्यात रेनकोट असा चार-पाच किलोंचा ऐवज असतो. दर शनिवारी मात्र राधानगरी रस्त्यावरील आमच्या गावी जातो. ते अंतर ३० किलोमीटर आहे, आणि जाताना मोकळा गेलो तरी येताना मोकळा येणे शक्य नसते. दहा किलो तांदूळ, पाच किलोंचा गुळाचा रवा (ढेप), शिवाय हंगामाप्रमाणे शेंगा किंवा नारळ बांधून दिल्याखेरीज आई मला उंबरठ्याबाहेर सोडत नाही. म्हणजे परतीचे ओझे सहज १८ किलोंपर्यंत जाते.

सध्याची सायकल २६ इंची चाकांची, जाड खडबडीत टायरांची आणि पुढे सस्पेन्शन असलेली आहे. कॅरिअरसह तिचे वजन १७ किलो आहे, कारखान्याच्या काट्यावर मी स्वतः मोजले आहे. तिच्यावर कागलला पोहोचायला मला एक तास वीस मिनिटे लागतात. मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याची रेसर सायकल आठवडाभर वापरून पाहिली, तर तोच रस्ता ५० मिनिटांत संपला आणि वर थकवाही कमी आला. परंतु त्या सायकलला कॅरिअर बसवायला जागा नाही आणि टायर २५ मिलिमीटरचे आहेत. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सायकलस्वाराला साइडपट्टीवर उतरवतात, आणि त्या खडीवर इतके बारीक टायर घेऊन उतरण्याचे धाडस माझ्यात नाही.

दोन सायकली घ्या, हा सल्ला कृपया देऊ नये. जिन्याखाली एकच मावते आणि पैसेही एकीचेच आहेत, फार तर ४५ हजार. माझी उंची पाच फूट सात इंच आणि वजन ७६ किलो आहे. तीन दुकाने फिरलो. पहिल्याने हायब्रीड (रेसर आणि जाड टायरांची सायकल यांच्या मधली) सुचवली, दुसऱ्याने ग्रॅव्हल (रेसरसारखीच, पण कच्च्या रस्त्यावरही चालणारी), आणि तिसऱ्याने माझ्याकडे आहे तशीच पुन्हा दाखवली. वेग आणि ओझे यांचा मेळ घालायचा तर नेमके काय पाहून सायकल निवडावी?


आऊटवाला (सांगली) यांचे उत्तर

मी वीस वर्षे सायकली दुरुस्त करतो आणि त्यांतील निम्मी वर्षे चाकांचे आऊट काढण्यात, म्हणजे वाकडी फिरणारी चाके सरळ करण्यात, गेली आहेत, त्यामुळे माझे उत्तर चाकाभोवती फिरेल हे आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही प्रश्न असा मांडला आहे की जणू वेग आणि ओझे एकाच तराजूच्या दोन पारड्यांत आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच. मला ते तसे दिसत नाही. तुमची आजची सायकल कशामुळे हळू चालते ते पाहा: टायरांचे खडबडीत दाते, प्रत्येक पेडलामागे खाली-वर होणारे आणि तुमची थोडी थोडी ताकद गिळणारे सस्पेन्शन, आणि छाती वाऱ्याला आडवी धरणारी ताठ बैठक. या तिन्हींपैकी एकही गोष्ट तांदळाचे पोते वाहायला उपयोगी पडत नाही. उलट ज्या गोष्टींमुळे ओझे नीट वाहिले जाते, म्हणजे मजबूत मागचे चाक, लांब मागचा त्रिकोण (पेडलांपासून मागच्या चाकापर्यंतचा फ्रेमचा भाग) आणि कॅरिअरसाठी फ्रेमला ठेवलेली आट्यांची भोके, त्यांच्यामुळे वेग जवळजवळ कमी होत नाही. तेव्हा ओझ्यासाठी लागणारे सर्व आधी मिळवा आणि वेग मारणारे सर्व टाळा. एकाच सायकलीत या दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात.

वजनाविषयी लोकांच्या मनात उगाच धास्ती असते, म्हणून थोडा हिशेब मांडतो. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरले आणि चढण्याच्या कामी तुमच्या पायांतून १२० वॅट ताकद लागते असे मानले, तर तेवढी उंची गाठायला साधारण ५४ मिनिटे लागतील. सायकल चार किलोंनी जड असली, तर यात दोन मिनिटांच्या आसपास वाढ होईल. हे झाले गडाच्या चढाचे. सपाट रस्त्यावर तर ते चार किलो तुम्हाला जाणवणारही नाहीत. तेथे खरा शत्रू वारा आहे. वेग ताशी २० वरून ३० वर न्यायचा, तर केवळ वाऱ्याला हटवण्यासाठी लागणारी ताकद सव्वातीन पटीहून अधिक वाढते. म्हणून कागलचा रस्ता ५० मिनिटांत संपला त्याचे श्रेय त्या सायकलीच्या हलकेपणाला कमी आणि तुमच्या वाकलेल्या पाठीला व गुळगुळीत टायरांना अधिक आहे.

आता मागच्या चाकाकडे वळतो. ओझ्याखाली मोडते ते फ्रेम नव्हे, मागच्या चाकाचे स्पोक. स्पोक एकदम ताणून तुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेरीत रस्त्याकडे आलेला स्पोक किंचित सैल पडतो आणि वर गेला की पुन्हा ताणला जातो. हे लाखो वेळा झाले की हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) त्याच्या वाकणाशी तो थकून तुटतो. मुळात सैल बांधलेल्या चाकात ही सैल-ताण अधिक होते, म्हणून सैल चाकाचे स्पोक आधी जातात. गिअरच्या सायकलीत आणखी एक अडचण असते. उजवीकडे दात्यांच्या चकत्यांना जागा द्यावी लागत असल्यामुळे त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे आणि फार ताणलेले असतात, तर डावीकडचे तिरपे आणि ढिले राहतात. त्यावर १८ किलो लादून खड्ड्यात आदळले की काय होते, ते माझ्या दुकानात महिन्यातून दोन-तीनदा दिसते. मागच्या चाकाला ३६ स्पोक मिळाले तर उत्तम, ३२ असतील तर ते नीट ताणलेले असावेत, आणि त्याहून कमी असतील तर ती सायकल कितीही देखणी असो, तुमच्या कामाची नाही. रिम दुहेरी भिंतीची असावी हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मागच्या चकत्या दोन पद्धतींनी बसवलेल्या असतात. जुन्या पद्धतीत संपूर्ण फ्रीव्हील हबवर आट्यांनी घट्ट केलेले असते. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे अ‍ॅक्सलच्या टोकापासून बरेच आत राहतात आणि मधला अ‍ॅक्सल आधाराविना लोंबकळतो. ओझ्याने तो आधी वाकतो आणि मग तुटतो. कॅसेट पद्धतीच्या हबमध्ये छर्रे टोकाजवळ असतात, त्यामुळे अ‍ॅक्सलला आधार चांगला मिळतो. ओळखायचे कसे? चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि मध्यभागी पाना बसवण्यासाठी असलेल्या खाचांकडे पाहा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, आणि खाचा जागच्या जागी थांबून फक्त चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील. ही परीक्षा करायला दहा सेकंद लागतात आणि तीवर तुमचे पुढचे पाच वर्षांचे सुख अवलंबून आहे.

तिसरे म्हणजे मोजपट्टी सोबत न्या. पेडलांचे दांडे (क्रँक) ज्याभोवती फिरतात त्या मध्यापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर ४४ सेंटिमीटर किंवा अधिक असावे. रेसर सायकलीत ते ४१ च्या आसपास असते, त्यामुळे मागे बॅगा अडकवल्या की प्रत्येक फेरीत टाच बॅगेवर आपटते. बॅगा मागे सरकवाव्यात, तर ओझे अ‍ॅक्सलच्या मागे जाऊन पुढचे चाक हलके होते आणि हँडल डुलू लागते.

टायर ३५ ते ३८ मिलिमीटरचे, मध्यभागी गुळगुळीत आणि आत पंक्चररोधक पट्टी असलेले घ्या. पुढे सस्पेन्शन नको, साधा ताठ फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) हवा.


सह्यभ्रमण (पुणे) यांचे उत्तर

आऊटवाल्यांनी जे शास्त्र सांगितले ते मी पैसे मोजून शिकलो आहे, म्हणून माझी चूक येथे लिहून ठेवतो.

मी पहिली चांगली सायकल घेतली ती वेगाच्या मोहाने. कार्बनचा फोर्क, २५ मिलिमीटरचे टायर, मागे २४ स्पोक. दुकानदाराने सीटच्या दांड्यावर आवळायचे एक कॅरिअर सोबत दिले आणि त्यावर दहा किलो आरामात जातील असे सांगितले. मीही मान डोलावली. पुण्याहून कोल्हापूर आणि तेथून आंबा घाटाने रत्नागिरी असा बेत होता. कोल्हापूरपर्यंत सर्व सुरळीत झाले. घाट उतरताना मात्र ते कॅरिअर प्रत्येक वळणावर शेपटीसारखे डावी-उजवीकडे झुलू लागले, आणि साखरप्याच्या अलीकडे मागून टण् असा आवाज आला. उजवीकडचा स्पोक गेला होता. इतके कमी स्पोक असलेल्या चाकातला एक गेला की चाक एवढे वाकडे होते की ब्रेकला घासून फिरेनासे होते. मी ब्रेक मोकळा सोडला, तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळून बांधला आणि उरलेला उतार पायी उतरलो.

खरी फजिती पुढे झाली. बाजारातील सायकल दुकानात गेलो तर दुकानदाराने मोठ्या आपुलकीने २८ इंची टायर-ट्यूब काढून समोर ठेवली. आपल्याकडे दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीला २८ इंची म्हणतात आणि माझ्या ७०० सी चाकालाही काही जण २८ इंचीच म्हणतात, पण पहिल्याच्या रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो आणि दुसऱ्याचा ६२२. या १३ मिलिमीटरांमुळे एकाचा टायर दुसऱ्यावर कधीच बसत नाही. ट्यूब वेळ मारून नेण्यापुरती चालली असती, पण माझ्या रिमची भोके बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हपुरती पाडलेली होती आणि दुकानातील ट्यूबचा व्हॉल्व्ह त्यांतून जाईना. तेव्हा नवी सायकल घेताना रिमचे भोक मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचे आहे का, तेही पाहा. तसे असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते आणि आडगावातही ट्यूब मिळण्याची आशा राहते.

त्यानंतर मी ती सायकल विकून टूरिंग प्रकारची घेतली: पोलादी फ्रेम, ३८ चे टायर, मागे ३६ स्पोक, खाली वळलेले ड्रॉप हँडल. वजन १३ किलो आहे, म्हणजे आधीच्यापेक्षा चार किलो जास्त. त्याच सायकलवर मी २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) केली. तिला साडेतेरा तासांची मुदत असते, आणि मी पावणेदहा तासांत पोहोचलो. जुन्या हलक्या सायकलवर मला यापेक्षा फार तर वीस मिनिटे कमी लागली असती असा माझा अंदाज आहे, आणि घरी येताना चाक सरळ असते की नाही कोण जाणे.

ड्रॉप हँडलचा आग्रह मी मुद्दाम धरतो. आषाढात पश्चिमेचा वारा समोरून सुटला की हात खाली नेऊन वाकता येणे हीच मोठी कमाई असते. तुमच्या रकमेत नवी टूरिंग सायकल मिळणे कठीण आहे, पण कोणी वापरलेली विकत असेल तर चौकशी करावी. सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर या सायकलीचा मागचा त्रिकोण ४६ सेंटिमीटर लांब होता. अशी एखादी हाती लागली तर आऊटवाल्यांची मोजपट्टीही खूश होईल.


काठोकाठ (श्टुटगार्ट, जर्मनी) यांचे उत्तर

सांगली आणि पुणे बोलले, आता दूरवरून दोन शब्द लिहितो. तुम्ही वर्णन केलेली सायकल येथे वेगळ्या नावाने सर्रास विकली जाते. तिला ट्रेकिंग सायकल म्हणतात. ६२२ ची चाके, ४० मिलिमीटरच्या आसपासचे गुळगुळीत टायर, मडगार्ड, २५ किलोंचे कॅरिअर, स्टँड, आणि पुढच्या हबमध्येच बसवलेला ६ व्होल्ट, ३ वॅटचा डायनॅमो हे सर्व कारखान्यातूनच बसून येते. माणसे तिच्यावर कामाला जातात, शनिवारी बाजारहाट करतात आणि सुट्टीत तीच घेऊन डॅन्यूबच्या काठाने आठवडाभर फिरतात. श्टुटगार्ट खोलगट वाडग्यासारखे वसले असल्यामुळे घरी परतताना चढ चुकत नाही, तरी माझी ही १५ किलोंची सायकल कधी जड वाटली नाही, कारण सर्वांत हलका गिअर खरोखर हलका आहे.

हॉलंडच्या सायकलींची छायाचित्रे पाहून तशी काही घेण्याचा मोह होऊ शकतो, पण तो आवरावा. त्या सायकली सपाट गावासाठी आणि ताठ बसून तीन-चार किलोमीटर जाण्यासाठी आहेत. रोजच्या ४० किलोमीटरसाठी त्या नव्हेत.

तुम्ही पाळीत काम करत असाल आणि अंधारात येणे-जाणे होत असेल, तर डायनॅमो हबचा विचार अवश्य करा. दिवा चार्ज करायला विसरलो ही सबब त्यामुळे कायमची संपते.


दुधाचा कॅन (करवीर तालुका) यांचे उत्तर

माझे वडील तीस वर्षे सायकलवरून गंगावेशीत दूध घालत असत, म्हणून ओझ्याविषयी थोडे बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

त्यांची सायकल काळी, २८ इंची, दांडीची. मागे दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे करून घेतलेले होते आणि कॅन त्यांत अशा रीतीने लटकत की त्यांचे बूड अ‍ॅक्सलच्याही खाली जाई. वडील कॅन कधीही कॅरिअरवर ठेवत नसत. लहानपणी मी एकदा कारण विचारले, तेव्हा त्यांनी काही न सांगता एक भरलेला कॅन वर ठेवून सायकल माझ्या हातात दिली. सायकल किंचित कलली आणि मला ती सावरता येईना. मग तोच कॅन त्यांनी आकड्यात अडकवला, तर मी दहा वर्षांचा पोरगा असूनही ती धरून उभा राहिलो. ओझे किती आहे यापेक्षा ते जमिनीपासून किती उंचीवर आहे हे महत्त्वाचे, एवढे मला त्या दिवशी कळले. तुमचा गुळाचा रवा लहान पण जड असतो. तो बॅगेच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात, पायाच्या बाजूला ठेवा आणि चाकाच्या दुसऱ्या बाजूच्या बॅगेत तेवढ्याच वजनाचा तांदूळ घाला. पाठीवरच्या सॅकमध्ये काहीही नको. घाम, पाठदुखी आणि उंच गेलेला तोल या तिन्ही गोष्टी सॅकसोबत येतात.

आता या जुन्या सायकलीचे गोडवे गाऊन तुम्हाला तीच घ्यायला सांगणारे भेटतील, आणि ३०-४० किलो वाहण्यात तिचा हात धरणारी दुसरी नाही हेही खरे आहे. परंतु तिच्या एकाच गिअरचा हिशेब पाहा. पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पेडलाच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी १९-२० किलोमीटर होतात. सपाटीला हे ठीक आहे, पण पुईखडीच्या चढावर वडील खाली उतरून सायकल ढकलत असत, आणि तो रोजचा रिवाज असल्यामुळे त्याची लाज कोणाला वाटत नसे. शिवाय पावसात भिजलेल्या पोलादी रिमवर सळईचे ब्रेक नावापुरतेच लागतात. वडिलांनी चप्पल पुढच्या चाकावर दाबून सायकल थांबवलेली मी पाहिली आहे.

तुम्हाला गिअर हवेतच. पुढे ४६ आणि ३० दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते ३४ असा संच मिळाला तर पाहा. ३० ला ३४ लावले की एका फेरीत सायकल सुमारे १.९ मीटरच पुढे सरकते, म्हणजे ताशी सात किलोमीटर वेगानेही ६० फेऱ्या राखून बसल्या बसल्या चढता येते. आणि ४६ ला १५ लावून मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी ३२ चा वेग मिळतो. कागलला जाण्यासाठी याहून अधिक कशाला हवे?

स्टँडही विसरू नका. एका पायाच्या स्टँडवर १८ किलो लादलेली सायकल उभी करून तुम्ही बॅग काढायला गेलात की ती दुसऱ्या बॅगेच्या बाजूला लवंडते. दोन पायांचा स्टँड बसवून घ्या.


भोगावतीकाठ (कोल्हापूर) यांचा पुढील प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मोजपट्टी, माझे रोजचे ९ नंबरचे बूट आणि दहा किलो तांदळाची पिशवी एवढे घेऊन पुन्हा दुकानांत गेलो. पिशवी पाहून एका दुकानातला मुलगा हसला, पण मालकाने कुतूहलाने स्वतःच एक कॅरिअर काढून बसवून दिले.

पहिली सायकल ग्रॅव्हल प्रकारची होती आणि तिला ड्रॉप हँडल होते. दिसायला फार सुंदर. मागचे अंतर मोजले तर ४२.५ सेंटिमीटर भरले. पिशवी बाजूला अडकवून दुकानामागच्या बोळात चालवली, तर टाच दर फेरीला तांदळाला लागत होती. शिवाय ती आमच्या रकमेच्या बाहेर होती. दुसरी हायब्रीड होती आणि सर्व काही मनासारखे होते, पण चकत्या उलट्या फिरवल्या तेव्हा खाचा जागच्या हलल्या नाहीत. मी आऊटवाल्यांचे नाव न घेता मालकांना अ‍ॅक्सलविषयी विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले आणि आतून तिसरी सायकल आणवली.

ही तिसरीही हायब्रीड आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, ताठ फोर्क, मागचे अंतर ४४.५ सेंटिमीटर, कॅसेट हब, मागे ३२ स्पोक, दुहेरी भिंतीची रिम, मोटारच्या व्हॉल्व्हचे भोक आणि तारेने चालणारे डिस्क ब्रेक. पुढे ४६ आणि ३० दाते, मागे ११ ते ३४. टायर ३८ चे आहेत, पण त्यांचे दाते किंचित खडबडीत आहेत. वजन साडेबारा किलो आणि किंमत कॅरिअर व मडगार्ड धरून ४१ हजार. तांदूळ लटकवून पाऊण तास चालवली, टाच लागली नाही.

दोन शंका उरल्या आहेत. ३२ स्पोक पुरतील का, की चाक ३६ चे बांधून घ्यावे? आणि हँडल सरळ आहे, ते ड्रॉप करून घ्यावे का?


आऊटवाला (सांगली) यांचे उत्तर

तुमच्या वजनाला आणि ओझ्याला ३२ स्पोक पुरतील, अट एकच की चाक घट्ट असले पाहिजे. नव्या सायकलीची चाके यंत्रावर बांधलेली असतात आणि सुरुवातीच्या प्रवासात स्पोक आपल्या जागी बसून सैल पडतात. म्हणून पहिले १५० किलोमीटर ओझे न घेता चालवा आणि मग मागचे चाक चांगल्या हाताकडून तपासून, स्पोक सारखे ताणून, आऊट काढून घ्या. याला शे-दोनशे रुपये लागतात. ३६ चे चाक बांधण्याचा खर्च आज करू नका. पुढे एकापाठोपाठ दोन स्पोक गेले तर मात्र तिसऱ्याची वाट न पाहता संपूर्ण चाक नव्या स्पोकांनी बांधून घ्यावे, कारण बाकीचेही तेवढेच थकलेले असतात.

सह्यभ्रमण यांच्याशी ड्रॉप हँडलच्या फायद्याबद्दल माझा वाद नाही, पण सरळ हँडलच्या सायकलीवर ते बसवायचे म्हणजे ब्रेकच्या मुठी, गिअरचे खटके आणि कदाचित पुढचा डिरेलरही (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बदलावा लागतो, शिवाय बैठक एकदम लांब होते. त्या खर्चात तुमचे उरलेले चार हजार केव्हाच संपतील. हँडलच्या दोन्ही टोकांना शिंगे बसवा, स्टेम (हँडल धरणारा आखूड दांडा) थोडे खाली घ्या, म्हणजे वाऱ्यात वाकायला जागा मिळेल. उरलेल्या पैशांत गुळगुळीत टायर आणि दोन पायांचा स्टँड येईल. जुन्या सायकलीवरून आलेल्या माणसाला टायरांतला फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकतीला दाबणारा भाग) मागे कॅरिअरच्या पायाला घासत नाही ना, हे घेण्याआधी खाली बसून पाहा. घासत असेल तर मधे वायसर घालून कॅरिअर बाहेर काढू नका, कारण लांब बोल्ट ओझ्याने वाकतो. डिस्कसाठी बनवलेले कॅरिअर वेगळे मिळते, तेच मागा. हवा मोकळे असताना मागे ५५ आणि पुढे ५० पौंड ठेवा, शनिवारी गावाहून निघताना मागची ६५ करा, आणि टायरच्या बाजूला छापलेली मर्यादा ओलांडू नका. कॅरिअरचे चारही बोल्ट महिन्यातून एकदा ॲलन-कीने आवळत जा. ओझ्याच्या सायकलीवर ते सैल होतातच, आणि त्यांतला एखादा पडला की तो रस्त्यावर पुन्हा सापडत नाही.


सह्यभ्रमण (पुणे) यांचे उत्तर

शिंगांवर समाधान मानतो. एक-दोन जादा स्पोक मात्र योग्य लांबीचे मोजून आजच घेऊन ठेवा आणि चिकटपट्टीने फ्रेमच्या नळीला चिकटवून टाका. उजव्या आणि डाव्या बाजूच्या स्पोकांची लांबी वेगळी असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे मागून घ्या. साखरप्याच्या त्या दुकानात लांब-आखूड असे सर्व स्पोक होते, फक्त माझ्या मापाचा नव्हता.